कानांनी वाचलेली पुस्तकं

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंना दिसेनासं झालं. काचबिंदू. वय ऐंशीच्या पुढे. शिक्षण मराठी चौथीपर्यंत, पण वाचनाचं वेड असं, की किराणा बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय त्यांनी कधी चुलीत घातला नाही. नजर गेली तेव्हा दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मला म्हणाल्या, "काही वाचून दाखव व माय."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, यावल तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर, मी तासभर मोठ्यानं वाचते. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. या काही महिन्यांत वाचून झालेली पुस्तकं बहुतेक माझी आधी वाचलेलीच होती. निदान माझी तशी समजूत होती. आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

सुरुवात बहिणाबाईंपासून केली. त्यांचं माहेर आसोदा आम्हाला फार लांब नाही आणि भाषा तर घरातलीच. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांना गाणी सुचायची आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ ती टिपून ठेवायचे. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. ही माहिती मी दरवर्षी मुलांना सांगत आले. कविता मात्र डोळ्यांनीच शिकवत राहिले.

पहिल्याच संध्याकाळी 'अरे संसार संसार' म्हणताना मी "तेव्हा मिळते भाकर" असं वाचलं. सासूबाईंनी हात वर केला. "मियते," त्या म्हणाल्या. आमच्याकडे लेवा गणबोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याला डोया म्हणतात, खळ्याला खयं. माझं माहेर धुळ्याचं, म्हणजे अहिराणीचं. सासरी येऊन इतकी वर्षं झाली तरी पुस्तक हातात घेतलं की माझी जीभ आपोआप शाळेची भाषा बोलू लागते. त्या दिवसापासून ती सवय मी मोडते आहे. 'मिळते' म्हटलं की भाकर ताटात येते, 'मियते' म्हटलं की चुलीपुढे बसलेली बाई दिसते. निदान मला तरी दिसते.

पण खरी गोष्ट 'उपननी' या कवितेच्या वेळी घडली. खळ्यावर धान्य उपणायचं आहे, म्हणजे वाऱ्यावर भूस उडवून दाणे वेगळे करायचे आहेत, आणि वारा पडला आहे. बहिणाबाई वाऱ्याला हाका मारतात, त्याला मारोतीचा बाप म्हणतात, कुठे वासराच्या कानात जाऊन बसलास का, असं विचारतात. मी ही कविता वर्गात हसत हसत शिकवायची. मुलंही हसायची. वाऱ्याशी चाललेल्या गोड गप्पा, असंच मी समजत होते.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, ओट्याच्या कडेला पाय रोवून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, टोपलं धरल्यासारखे. एक हात किंचित खाली, एक वर. म्हणाल्या, टोपलं असं तिरकं धरून बाई वाऱ्याची वाट बघत उभी असते. टोपलं भरलेलं, खाली ठेवता येत नाही, कारण झुळूक केव्हा येईल त्याचा नेम नसतो. आली आणि हात खाली असले की गेली. दंड भरून येतात, मान अवघडते. त्यात आभाळ भरून आलं, तर खळ्यावरची सगळी रास भिजते, वर्षाची भाकर जाते. हे सांगताना त्यांचे हात वरच होते, थरथरत होते. मी त्यांना धरून खाली बसवलं.

त्या हाका लाडाच्या आहेतच, पण त्यांत धाकही आहे. देवाशी भांडावं तसं ती बाई वाऱ्याशी भांडते आहे. पस्तीस वर्षांत किती मुलांना मी ही कविता अर्धीच शिकवली, हा विचार मनातून जात नाही. बहिणाबाईंना 'साधी, भोळी' म्हणण्याची जी रीत पडली आहे ती मला आता सहन होत नाही. त्या भोळ्या नव्हत्या. दंड भरून येईपर्यंत राबणारी आणि त्याच वेळी अचूक शब्द शोधणारी ती कवयित्री होती.

दुसरं पुस्तक 'गीता प्रवचने'. लहानपणी धुळ्याच्या जेलवरून जाताना वडील सांगायचे, इथे विनोबा होते. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार, दर रविवारी एक अध्याय, विनोबांनी तिथल्या कैद्यांपुढे गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले आपले साने गुरुजी. विनोबा बोलले आणि गुरुजींनी ऐकलं, म्हणून आज हे पुस्तक आहे. पूर्वी मी ते चार दिवसांत वाचून टाकलं होतं आणि तेच तेच पुन्हा येतं म्हणून कंटाळले होते.

या वेळी आम्ही ठरवलं, जसं सांगितलं गेलं तसंच वाचायचं. एका रविवारी एकच अध्याय. मग कळलं, ज्याला मी पुनरुक्ती म्हणत होते ती ऐकणाऱ्याची सोय आहे. डोळ्याला मागचं पान उलटता येतं, कानाला येत नाही. समोर बसलेला कैदी आठ दिवसांनी पुन्हा येणार, मधे दळण दळणार, मार खाणार, घरची आठवण काढणार. त्याला मागचा धागा हातात द्यावाच लागतो. तरीही माझं मत सांगते, तात्त्विक भाग जिथे दाट होतो तिथे मी आजही अडखळते. सासूबाई अडखळत नाहीत. त्या म्हणतात, समजेल तेवढं घ्यायचं, बाकीचं पुढच्या रविवारी.

मधे एक नवी कादंबरी आणली होती. नाव सांगत नाही. गाव आमच्या भागातलं दाखवलं आहे, तापीकाठ आहे, केळीचे मळे आहेत आणि माणसं बोलतात "काय बी न्हाय". सासूबाईंनी विचारलं, "हे गाव कुठलं?" आमच्याकडे 'नही' म्हणतात. चाळीस पानांवर ती मी मिटली. लेखकाने एक दिवस जरी बाजारात उभं राहून ऐकलं असतं तरी भागलं असतं.

आणि शेवटी 'कोसला'. हे वाचावं की नाही, मी बरेच दिवस ठरवत होते. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली, ते सांगवीचे, आमच्याच यावल तालुक्यातले. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत परत येतो. होस्टेलचे दिवस मी भराभर वाचले. त्यांतला बराच भाग मला आज लांबलेला वाटतो, हे स्पष्टच सांगते. पण त्याचं ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' मोठ्यानं वाचताना वेगळं ऐकू येतं. कॉलेजात असताना ती मला तऱ्हा वाटायची. आता वाटतं, सांगवत नाही असं काही आलं की हा मुलगा त्या शब्दांच्या आड उभा राहतो.

मग त्याच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू येतो. देवीच्या रोगानं. तिथे मी थांबले, कारण माझाच आवाज फुटेना. सासूबाई म्हणाल्या, "वाच." मी वाचलं. प्रकरण संपल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एका मुलीचं नाव घेतलं. त्यांची पाठची बहीण, सहा वर्षांची, देवी येऊन गेली. अंगणात लिंबाचा पाला टाकून तिला निजवलं होतं आणि ती पाणी मागत होती, एवढं त्यांनी सांगितलं. मला या घरात चौतीस वर्षं झाली, त्या नावाचा उच्चार मी कधी ऐकला नव्हता. माझ्या नवऱ्यानेही नाही. ते नाव आता आमच्या घरात घेतलं जातं.

'गीता प्रवचने'चे चौदा अध्याय झाले आहेत. परवा रविवार, पंधरावा. सासूबाईंनी शेजारच्या दोघी-तिघींना यायला सांगितलं आहे, म्हणून ओट्यावर मोठी सतरंजी काढून ठेवली आहे. हे भाषण त्या आता घरी रेडिओजवळ बसून ऐकत असतील. आई, 'मियते' बरोबर म्हटलं ना?

नमस्कार.