‘हो जी’ म्हणजे समजलं का?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. पराटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागली, फवारणी सुरू झाली. या दिवसांत एकमेकांशी आपण कसं बोलतो, यावर जीव अवलंबून असतो.

माणूस तोंडानं बोलतो, कागदावर बोलतो, खुणेनंही बोलतो. बैलबाजारात दुपट्ट्याखाली हातात हात देऊन भाव ठरतो. शब्द एकही नाही, पण बोट दाबलं की किती म्हणायचं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं.

कीटकनाशकाच्या बाटलीवरही खूण असते. तिरक्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग रंगवलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. मग उतरत्या क्रमानं पिवळा, निळा, हिरवा. हिरवा दिसला की अनेकांना वाटतं, काही धोका नाही. पण तेही विषच! खूण करणाऱ्यानं केली, पाहणाऱ्यापर्यंत तिचा अर्थ मात्र पोचला नाही.

मी कृषी सहायक होते. एका गावात तासभर फवारणीची माहिती दिली. शेवटी विचारलं, “समजलं ना?” सगळे म्हणाले, “हो जी.” दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक काकाजी तीन औषधं एकाच बादलीत उघड्या हातानं ढवळत होते. मी म्हटलं, “काकाजी, काल सांगितलं होतं ना?”

“सांगतलं होतं बाई तुमी. पण एवढ्या लोकायसमोर तुमाले कसं इचारू?”

ते ‘हो जी’ मान राखण्यासाठी होतं. मी ते समजल्याची पावती धरून बसले होते. चूक माझी होती. गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. मी नुसतं बोलून मोकळी झाले होते, दवंडीसारखी.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच वाढलेली पराटी, औषधांची मिसळ, तोंडाला-हाताला संरक्षण नाही, अशी कारणं अनेक होती. पण दुकानदार मालकाला सांगतो, मालक घाईत मजुराला सांगतो, आणि बाटलीसोबतचं माहितीपत्रक घरीच राहतं, हेही मी गावोगावी पाहिलं आहे. पंप ज्याच्या पाठीवर, त्याच्यापर्यंत अर्धीच गोष्ट जाते.

म्हणून उद्या सकाळी मजुराला ‘समजलं ना?’ असं विचारू नका. बाटली त्याच्या हाती द्या आणि म्हणा, “भाऊ, तूच सांग, एका पंपाला किती टाकशील? वारा कुठून आहे?” तो अडखळला, तर धुऱ्यावर दोन मिनिटं त्याच्याजवळ बसा. पंप तोवर खालीच राहू द्या.