बंद करू नका

नमस्कार, श्रोतेहो. बँकेत रांगेत उभं असताना ऐकतो ना आपण, "सर्व्हर डाउन आहे"? हा सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांसाठी राबणारा कॉम्प्युटर. ग्रंथालयात काउंटरवर चिठ्ठी द्यावी आणि आतून पुस्तक यावं, तसं. मागणारे अनेक, देणारा एक. ग्रंथालयावरून सांगतो, सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून इथल्या, म्हणजे आपल्या बडोद्याच्या, ग्रंथालयांची घडी बसवली. मांडवीला आपण खरेदीला शंभरदा जातो. एकदा मुलांना सेंट्रल लायब्ररीत न्याच.

तर, दांडिया बाजारातल्या एका पतपेढीचे कॉम्प्युटर मी बघत असे. सर्व्हर होता जुन्या वह्यांच्या खोलीत. ना स्क्रीन, ना की-बोर्ड, नुसती घरघर. रात्री दोनला तो दिवसभराच्या हिशोबाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा. एकदा तपासलं, तर अठरा दिवसांची नक्कलच नाही! दिवसा सगळं सुरळीत. मी वायरी बदलल्या, यूपीएस बदलला. शेवटी एका संध्याकाळी तिथेच बसून राहिलो. साडेसातला शिपाईकाका आले. पंखे बंद, दिवे बंद, मग वह्यांच्या खोलीत जाऊन खट्‌कन बटण बंद!

"काका, हे काय?"

"अरे, समोर कुणी बसलेलं नाही, उगाच लाइट कशाला जाळायची?"

तीस वर्षं त्यांनी पेढीचं बिल घरचं समजून वाचवलं होतं. चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, "काका, झोपताना फ्रिज बंद करता का?"

ते क्षणभर थांबले. "म्हणजे आत दूध आहे म्हण की."

"हो. सगळ्या खातेदारांचं."

लक्षात ठेवा, घरचा कॉम्प्युटर म्हणजे मिक्सर, कामापुरता. सर्व्हर म्हणजे फ्रिज, अखंड चालू. म्हणून चांगल्या सर्व्हरला वीजपुरवठ्याचे दोन संच असतात, एक गेला तरी दुसरा ओढतो. तीच माहिती दोन डिस्कवर लिहिता येते, आणि बिघडलेली डिस्क यंत्र चालू असतानाच बदलता येते. त्याची मेमरी बारीकसारीक चुका स्वतःच सुधारते. पुन्हा सांगतो: वेगापेक्षा न थांबणं महत्त्वाचं.

जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर, म्हणजे वेबसाइटची पानं पुरवणारा सर्व्हर, चालवला. त्या यंत्रावर त्यांनी लाल शाईनं लिहिलेला कागद चिकटवला होता: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका.

काकांना मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी वह्यांच्या खोलीच्या दारावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी होती, वर मराठीत, खाली गुजरातीत. तुमच्या दुकानात, पेढीत असा घरघरणारा डबा असेल, तर उद्याच एक कागद लावा. दोन्ही भाषांत लावा.