दर शुक्रवारी नवा पाहुणा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते टीव्हीवरच्या एका पाहुण्याबद्दल. १९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' सुरू झालं. शुक्रवारची रात्र, किशोरकुमारांच्या आवाजातलं शीर्षकगीत, आणि तीन माणसांचं घर. रणजीत, त्याची बायको रेणू आणि रेणूचा भाऊ राजा. म्हणजे शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी. नवराबायकोची कुरबुर आणि मेहुण्याची बेकारी, एवढ्यावर सगळा संसार चालायचा. या घरात दर आठवड्याला कुणीतरी उपरा माणूस यायचा, घोळ घालायचा आणि निघून जायचा. तो उपरा माणूस म्हणजे सतीश शाह.

नट एकच, पण पाहुणा दर खेपेला वेगळा. नवी बोली, नवा पेहराव, नवा धंदा, चालण्याची तऱ्हासुद्धा नवी. असे पन्नासहून अधिक अवतार त्यांनी या एका मालिकेत उभे केले. रणजीत आणि रेणूला तो कधीच ओळखू यायचा नाही. ते बिचारे दर वेळी नव्यानं दार उघडायचे, नव्यानं फसायचे. आपल्याला मात्र तो उंबऱ्यात दिसताच कळायचं, आणि त्यानं तोंड उघडायच्या आधीच हसू फुटायचं. मग 'तीस साल का एक्स्पीरियन्स'ची बढाई आली की आपल्या घरातली सगळी माणसं एकदम ते वाक्य म्हणायची. घरातल्या पात्रांना ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक, हा रंगभूमीवरचा जुनाच डाव. पण आठवड्यामागून आठवडे, त्याच नटाला घेऊन तो खेळत राहणं याला छाती लागते.

लेखन शरद जोशींचं. शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतले व्यंगलेखक, उज्जैनचे. दिग्दर्शकांमध्ये कुंदन शाह होते. ते, सतीश शाह आणि राकेश बेदी, तिघंही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. आदल्याच वर्षी 'जाने भी दो यारो'मध्ये कुंदन शाहांनी सतीश शाहांना डिमेलोचं प्रेत करून पडद्यावर फिरवलं होतं. निपचित राहून हसवणारा नट हाताशी आहे हे कळल्यावर त्याच्याकडून पुढे काय काय करून घ्यावं, याचा अंदाज त्यांना आलाच असणार.

त्या काळी पाहुण्यांचं दुसरं घर होतं तबस्सुमबाईंचं. मुंबई दूरदर्शन १९७२च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं आणि त्याच वर्षी त्यांचं गप्पांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'ही आलं. ते चाललं थेट १९९३पर्यंत. तिथे खरेखुरे तारे येत आणि मोकळेपणानं गप्पा मारत. तेही मला फार प्रिय. पण बडा तारा घरात आला की सगळे त्याच्याकडे बघत बसतात. गोष्टीच्या पोटातून येतो आणि गोष्ट हलवून जातो, तो पाहुणा निराळा.

आणि पाहुणा रंगतो तो यजमानामुळे. शफी इनामदारांबद्दल आपण फारच कमी बोलतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दापोली तालुक्यातल्या पांगारीचा हा माणूस, गुजराती-मराठी रंगभूमीवर तयार झालेला. सतीश शाह जितके चढत, तितके इनामदार आवाज खाली आणत. त्यांच्या कपाळावरची एक आठी आणि तो आवळलेला जबडा नसता, तर समोरच्या पाहुण्याचा नुसता आरडाओरडा झाला असता. जुने भाग कुठे पाहायला मिळाले तर सतीश शाह बोलत असताना मुद्दाम इनामदारांकडे बघा. १९९६ साली ते गेले, वयाच्या अवघ्या पन्नाशीत.

आजही मालिकांमध्ये पाहुणे येतात. बहुतेक वेळा त्यांचा सिनेमा पुढच्या शुक्रवारी लागायचा असतो. ते येतात, घरातल्यांबरोबर नाचतात, सिनेमाचं नाव दोनदा घेतात. त्यांच्या येण्यानं त्या घरातलं काही मोडत नाही, काही जुळतही नाही.

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी सतीश शाह गेले. बहुतेकांना आधी आठवला तो २००४च्या 'साराभाई व्हर्सेस साराभाई'मधला इंद्रवदन. बरोबरच आहे, ती भूमिका अप्रतिमच होती. पण इंद्रवदन घरचा मालक होता, सोफा त्याचा, बायको त्याची, मुलगे त्याचे. 'ये जो है जिंदगी'त त्यांना बसायला स्वतःची खुर्चीही नव्हती. परक्याच्या दिवाणखान्यात काही मिनिटांसाठी यायचं, तेवढ्यात एक अख्खा माणूस उभा करायचा, आणि पुढच्या शुक्रवारी तो पुसून दुसरा. माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोठं काम ते.

नमस्कार.