बीफ टी, लिंट आणि एकच स्पंज: अमेरिकन यादवी युद्धातली नर्स

नमस्कार मंडळी. अमेरिकेचं यादवी युद्ध, 1861 ते 1865. तेच, ज्याच्यामुळे तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापूस दलालांची चांदी झाली. आज मात्र लढाईच्या मैदानावर जायचं नाही. आज जायचं आहे उत्तरेच्या, म्हणजे दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांविरुद्ध लढणाऱ्या सैन्याच्या इस्पितळात, आणि बघायचं की स्वतःहून आलेली नर्स तिथे दिवसभर नेमकं करायची काय.

आधी भरती. जून 1861 मध्ये डोरोथिया डिक्स या बाईंना सैन्याच्या परिचारिकांचं प्रमुख नेमलं. जुलै 1862 च्या त्यांच्या पत्रकातल्या अटी अशा: वय 35 ते 50, तब्येत धडधाकट, चारित्र्याचे दाखले, कपडे तपकिरी, करडे किंवा काळे. दागिने नाहीत, रिबिनी नाहीत, स्कर्टाखाली पिंजऱ्यासारखी कडी तर नाहीतच. यात सोवळेपणा होताच, पण शेवटच्या अटीला कारणही होतं. दोन खाटांमधल्या बोळातून तसला घेर घेऊन फिरून दाखवा! पगार दिवसाला 40 सेंट आणि एक शिधा. प्रशिक्षण? शून्य. नर्सिंगच्या पद्धतशीर शाळा अमेरिकेत 1873 पासून सुरू झाल्या, म्हणजे युद्ध संपून आठ वर्षांनी.

[स्क्रीनवर: नकाशा, फ्रेडरिक्सबर्ग ते वॉशिंग्टन]

डिसेंबर 1862, फ्रेडरिक्सबर्गची लढाई. जखमी माणसं आगबोटींतून वॉशिंग्टनला पोचायला कित्येक दिवस लागले. जॉर्जटाउनमध्ये एका जुन्या हॉटेलाचं इस्पितळ केलं होतं, युनियन हॉटेल हॉस्पिटल. खोल्या कोंदट, खिडक्या धड उघडत नव्हत्या. तिथे आलेल्या माणसाला आधी धुवायचं. कोमट पाणी, साबण, टॉवेल. गणवेश चिखलाने आणि रक्ताने कडक झालेला. तो ओढून काढला की जखमेवरची खपली निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. म्हणून आधी पाणी टाकून भिजवायचा, मग शिवणीवर कात्री चालवायची. अंग धुताना अजून एक काम व्हायचं: दुसरी जखम आहे का, ते कळायचं. पायात गोळी लागलेला माणूस पाठीतल्या जखमेबद्दल बोलतोच असं नाही.

मग ड्रेसिंग. लिंट म्हणजे जुन्या लिननचं कापड सुरीने खरवडून काढलेला मऊ लव. गावोगावच्या बायका पेट्या भरभरून तो पाठवायच्या. लिंटची दुहेरी घडी गार पाण्यात बुडवून जखमेवर ठेवायची, वर तेल चढवलेलं रेशमी कापड, त्यावर गुंडाळपट्टी. लिंट वाळू द्यायचा नाही, कारण वाळला की जखमेला चिकटतो आणि काढताना नवं मांस घेऊन येतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाने वरून पाणी.

आणि आता खरी गोची. जखम पुसायचा स्पंज एकच. एका माणसाचा पू पुसला, त्याच बादलीत पिळला, पुढच्या खाटेवर गेला. बादलीतलं पाणी गढूळ झालं की बदलायचे, म्हणजे आपल्या समजुतीने स्वच्छताच पाळत होते! जंतूंमुळे जखम सडते हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ब्रिटिश सर्जन लिस्टरचा कार्बोलिक ॲसिडवरचा, म्हणजे जखमेतले जंतू मारणाऱ्या औषधावरचा लेख आला 1867 मध्ये. उलट दाट, पिवळा पू आला की सर्जन समाधानी, जखम भरतेय म्हणायचे. सगळ्यात मेहनती नर्स दिवसात सगळ्यात जास्त जखमा पुसायची, आणि तेवढ्याच जखमांपर्यंत संसर्गही नेऊन पोचवायची. यात तिला दोष द्यायचं काहीच कारण नाही.

हे चक्र थोडं तुटलं ते एका भयंकर रोगामुळे, हॉस्पिटल गँग्रीनमुळे. जखमेची कड काळी पडते आणि बघता बघता पसरत जाते. लुईव्हिलमधले डॉक्टर मिडलटन गोल्डस्मिथ यांनी ब्रोमीन हे जहाल रसायन वापरलं. रुग्णाला भूल देऊन मेलेलं मांस कापायचं आणि उरलेल्या भागाला ब्रोमीन लावायचं. त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, त्यामुळे हे काम कोणाला आवडायचं नाही. पण मृत्यू लक्षणीय घटले. सोबत या रुग्णांना वेगळ्या तंबूत ठेवायला लागले, प्रत्येकाचा स्पंज आणि टॉवेल वेगळा. कारण चुकीचं समजत होते, रोग हवेतल्या दूषित वाफेतून पसरतो असं. तरी उपाय बरोबर लागू पडला.

नर्सने प्रत्यक्ष जीव वाचवायचा क्षण म्हणजे दुय्यम रक्तस्राव. हे नीट समजून घ्या. हातपाय कापताना धमनी रेशमी दोऱ्याने बांधत. दोऱ्याचं एक टोक कापायचं, दुसरं जखमेबाहेर लोंबतं ठेवायचं. सर्जन ते अधूनमधून हलकेच ओढून बघायचा. धमनीचं टोक कुजून सुटलं की दोरा हातात यायचा. तोवर आत रक्ताची गाठ धरून धमनी बंद झाली असेल तर ठीक. संसर्गाने तिची भिंतच सडली असेल तर ती फुटते, बऱ्याचदा ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी, माणूस सावरतोय असं वाटत असताना. पांघरुणाखाली ओल दिसली की पट्टीवर पट्टी गुंडाळत बसायचं नाही, त्याने रक्त फक्त झाकलं जातं. मांडीची धमनी असेल तर जांघेत, घडीच्या मधोमध, अंगठा हाडावर जोरात दाबायचा. हाताची असेल तर दंडाच्या आतल्या बाजूला. आणि सर्जन येईपर्यंत अंगठा हलवायचा नाही, मग अर्धा तास लागो. मांडीची मोठी धमनी सुटली तर माणूस काही मिनिटांत जातो.

पण गोळ्यांपेक्षा जास्त माणसं मारली रोगांनी. या युद्धातले जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू टायफॉइड, हगवण, न्यूमोनिया असल्या आजारांचे. त्यावरची औषधं बहुतेक निरुपयोगी, काही चक्क विषारी. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं संयुग. त्याने लाळ गळायची, हिरड्या सुजायच्या, दात पडायचे. सर्जन जनरल, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख, हॅमंड यांनी मे 1863 मध्ये ते औषधांच्या यादीतून काढलं, तर डॉक्टरांनीच आरडाओरडा केला.

म्हणून माझ्या मते नर्सचं सगळ्यात मोठं काम चुलीपाशी होतं. शिध्यात काय? खारवलेलं डुकराचं मांस, दगडासारखं बिस्किट, बीन्स, कॉफी. आतडी सोलवटलेल्या माणसाला हे? बीफ टी असा व्हायचा: साधारण अर्धा किलो चरबी काढलेलं गोमांस बारीक चिरून अर्धा लिटर गार पाण्यात भिजत ठेवायचं, मग मंद आचेवर तापवायचं, गाळायचं, मीठ घालायचं. उकळत्या पाण्यात मांस टाकलं की वरचा थर गोठतो आणि रस आतच अडकतो, अशी तेव्हाची समजूत. नवशिक्या हीच चूक करायच्या. खरं सांगायचं तर बीफ टीत पोषण थोडंच. अंगी लागायचं ते दूध, अंडी आणि मिल्क पंच, म्हणजे दूध, साखर आणि ब्रँडी. टायफॉइडच्या माणसाला दर दोन तासांनी चार चमचे, रात्रीसुद्धा.

दूध-अंडी यायची कुठून? न वापरलेल्या शिध्याची किंमत इस्पितळाच्या निधीत जमा व्हायची आणि त्यातून ताजं अन्न घ्यायचं, असा नियम. या पैशावर हात मारायला वाव भरपूर. याच युनियन हॉटेलमध्ये मुख्य नर्स हॅना रोप्स होत्या. तिथल्या कारभाऱ्याने एका रुग्णाला तळघरात कोंडलं, तेव्हा त्या सर्जन जनरलच्या कचेरीत गेल्या. दाद लागली नाही. मग थेट युद्धमंत्री स्टँटनकडे! कारभाऱ्याला अटक झाली. पुढे जानेवारी 1863 मध्ये रोप्स बाई तिथेच आजारी पडून वारल्या.

पश्चिमेकडच्या आघाडीवर मेरी ॲन बिकरडाइक या नर्सचा खाक्या वेगळाच. रक्ताने माखलेले कपडे जाळायची पद्धत होती. त्यांनी मोठ्या कढया लावून ते उकळून पुन्हा वापरात आणले. मेम्फिसच्या इस्पितळांसाठी उत्तरेतल्या शेतकऱ्यांकडून गायी आणि कोंबड्या गोळा करून आणल्या.

आता पैशाची गोष्ट. निवृत्तिवेतनाचा कायदा आला 1892 मध्ये: महिना 12 डॉलर, पण अधिकृत नेमणुकीने किमान सहा महिने नर्स म्हणून काम केलेल्यांनाच. सुझी किंग टेलर ही गुलामगिरीतून सुटलेली मुलगी. तिने कृष्णवर्णीयांच्या पलटणीत चार वर्षं जखमी सांभाळले, सैनिकांना लिहावाचायलाही शिकवलं. पगार मिळाला नाही. हजेरीपटावर तिचं काम लिहिलं होतं धोबीण. तिच्यासारख्या कितीतरी कृष्णवर्णीय बायका कागदोपत्री धोबिणी नाहीतर स्वयंपाकिणी होत्या, आणि 12 डॉलरचा कायदा फक्त नर्सेससाठी होता.