आधी कळवा, मग बंद करा

लासलगावची बाजार समिती. ट्रॅक्टरच्या रांगा लागल्यात. व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन रंग बघतो, पत्ती बघतो, आणि बोली सुरू होते. या बोलीकडे शेतकऱ्याचं लक्ष असतं, तसंच सीमेपलीकडच्या आयातदाराचंही. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा फार जुना आणि मोठा गिऱ्हाईक.

२९ सप्टेंबर २०१९ला भारताने निर्यात एकाएकी बंद केली. त्यानंतर आठवड्याच्या आतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलंय, असं त्या भर कार्यक्रमात म्हणाल्या. सभागृह हसलं. पण त्यांचं मागणं रास्त होतं: बंदी घालायची तर आधी कळवा. नोव्हेंबरात त्यांच्या देशाला कांदा चक्क विमानाने आणावा लागला.

१४ सप्टेंबर २०२०ला पुन्हा तेच झालं. सीमेवर भरलेले ट्रक अडकले, गोण्यांतून पाणी गळू लागलं. ढाक्याने लेखी नाराजी कळवली.

शहरात भाव भडकले की सरकारवर दबाव येतो, हे खरंच आहे. टंचाईत तात्पुरती बंदी जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांतही बसते. पण त्याच संघटनेच्या शेती करारातलं कलम १२ सांगतं, की बंदीआधी घेणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करा आणि शक्य तितक्या लवकर लेखी कळवा. विकसनशील देशांना यातून सूट आहे. मात्र जो देश त्या मालाचा निव्वळ निर्यातदार आहे, म्हणजे आणतो त्यापेक्षा जास्त बाहेर विकतो, त्याला नाही. कांद्यात आपण तेच आहोत.

न कळवण्याची झळ आपल्या माणसालाही बसते. डिसेंबर २०२३मध्ये रातोरात बंदी आली. सकाळी नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकरी महामार्गावर उतरले. कोणी बंदीआधीच्या भावाच्या भरवशावर मजूर लावून काढणी केली होती. लाल कांदा टिकत नाही, थांबवून ठेवायची सोयच नाही. बंदी उठली ४ मे २०२४ला, तीही ४० टक्के शुल्कासह.

गिऱ्हाईक तोवर थांबत नाही. बांगलादेशने पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तानातून माल आणला, स्वतःची लागवड वाढवली. आता त्यांनाही आपला शेतकरी सांभाळायचा आहे. मार्च २०२३मध्ये, ऐन त्यांच्या हंगामात, त्यांनी आयातीचे परवाने थांबवले, ते जूनमध्ये पुन्हा दिले. त्या उन्हाळ्यात कांद्याला भाव नाही म्हणून ओरड होती ती नाशिकमध्ये.