काचेच्या कॅथेड्रलचा हिशेब

अध्यक्षमहोदय, कार्यकारिणीतील सहकारी आणि मंडळी,

वास्तुनिधीवरील चर्चेला आरंभ होण्यापूर्वी एखाद्या वास्तूविषयी काही सांगावे, असे कार्यकारिणीने मला सुचवले, तेव्हा दुसरे कोणतेही नाव मनात आले नाही. डिस्नीलँडला निघालेल्या पाहुण्यांना आपण ज्या इमारतीकडे बोट दाखवतो आणि जिच्याविषयी आपल्याला फारसे काही सांगता येत नाही, ती कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हमधील काचेची इमारत, म्हणजे पूर्वीचे क्रिस्टल कॅथेड्रल, हा माझा आजचा विषय आहे.

या इमारतीची सुरुवात एका खाद्यपदार्थांच्या टपरीच्या छपरावर झाली, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे ठरेल. आयोवातील डच वंशाच्या शेतकरी कुटुंबात १९२६ साली जन्मलेले रॉबर्ट शुलर हे रिफॉर्म्ड चर्च या प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. नवी मंडळी जमवण्यासाठी पंथाने त्यांना ५०० डॉलर देऊन १९५५ साली ऑरेंज काउंटीत पाठवले. भाड्याने सभागृह मिळेना, म्हणून त्यांनी रविवार सकाळपुरते एक ड्राइव्ह-इन चित्रपटगृह घेतले. गाड्यांच्या रांगांसमोर ते टपरीच्या छपरावर उभे राहून प्रवचन करीत, त्यांच्या पत्नी आर्वेला ऑर्गन वाजवीत आणि श्रोते गाडीच्या खिडकीला टांगलेल्या ध्वनिक्षेपकातून ते ऐकत. महायुद्धानंतर संत्र्यांच्या बागा तोडून वसाहती उभारल्या जात असताना नव्याने आलेल्या, कोणालाही न ओळखणाऱ्या कुटुंबांना ही सोय मानवली, कारण गाडीतून न उतरताही तेथे हजेरी लागत असे.

पुढे स्वतःची जागा झाली, तरी शुलर यांनी गाड्यांना सोडले नाही. ते स्वतः सांगत त्याप्रमाणे, पक्षाघाताने चालणे-बोलणे गमावलेल्या एका बाईंना त्यांचे पती दर रविवारी गाडीतून घेऊन येत, आणि त्यांना बाहेर ठेवून बंद दालनात प्रवचन करणे शुलर यांना पटेना. म्हणून वास्तुविशारद रिचर्ड नॉयट्रा यांनी १९६१ साली त्यांना असे प्रार्थनागृह बांधून दिले, की आत बाकांवर बसलेले आणि बाहेर गाडीत बसलेले दोघेही उपदेशकाला एकाच वेळी पाहू शकत. १९६८ साली त्याच आवारात नॉयट्रा पितापुत्रांचा ‘टॉवर ऑफ होप’ उभा राहिला. इतक्या थोर वास्तुविशारदाकडे जाण्याची शुलर यांची ही सवय पुढेही सुटली नाही, आणि माझ्या मते त्यांच्या यशाचे व अडचणीचे मूळ एकाच जागी, या सवयीत होते.

१९७० साली ‘अवर ऑफ पॉवर’ हा त्यांचा साप्ताहिक दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला, आणि येथून पैशाचे गणित मुळातून बदलले. कोणत्याही चर्चचा खर्च त्याच्या बाकांवर बसणारी माणसे भागवतात. येथे मात्र हजारो मैलांवर, घरच्या खुर्चीत बसलेले प्रेक्षक टपालाने देणग्या पाठवू लागले. नव्या इमारतीची कल्पना निघाली ती याच काळात. वास्तुविशारद फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांच्या पहिल्या आराखड्यात छत काचेचे आणि भिंती भरीव होत्या. शुलर यांनी तो परत केला आणि सगळेच काचेचे हवे असा हट्ट धरला. आभाळ दिसले पाहिजे, हा त्यांचा ड्राइव्ह-इनपासूनचा आग्रह होता.

१४ सप्टेंबर १९८० रोजी अर्पण झालेली ही इमारत ४१५ फूट लांब, २०७ फूट रुंद आणि १२८ फूट उंच आहे. तिचा तळ चार टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचा आहे. पांढऱ्या पोलादी नळ्यांच्या जाळीवर दहा हजारांहून अधिक काचा बसवलेल्या आहेत, आणि त्या बोल्टने आवळलेल्या नसून सिलिकॉनने चिकटवलेल्या आहेत, जेणेकरून भूकंपात सांगाडा हलला तरी काचांना थोडे सरकण्यास वाव राहावा. व्यासपीठाजवळ ९० फूट उंचीचे दोन दरवाजे होते. ते यंत्राने उघडले, की बाहेर गाड्यांत बसलेल्यांना उपदेशक दिसत असे. त्या आजारी बाईंची सोय या भव्य इमारतीतही टिकली, हे मला तिच्या काचांपेक्षा अधिक लक्षणीय वाटते.

सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरचा खर्च उभा करताना एकेक काच ५०० डॉलरना दात्याच्या नावे दिली गेली. गावाकडच्या देवळात फरशीवर कोरलेल्या देणगीदारांच्या नावांवरून ज्यांनी पाय जपून टाकला आहे, त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की गावातला देणगीदार त्या फरशीवरून रोज चालतो, तर येथील कित्येक दात्यांना आपली काच केवळ पडद्यावर, आणि तीही इतर दहा हजारांत मिसळलेली, दिसली असणार.

इमारत बांधायला एकदा पैसे लागतात, चालवायला मात्र दरमहा. १९९० साली चकाकत्या पोलादाचा २३६ फूट उंच घंटामनोरा झाला, २००३ साली रिचर्ड मायर यांच्या आराखड्याची अभ्यागतांसाठीची इमारत झाली, आणि नाताळच्या नाट्यप्रयोगांत जिवंत उंट व तारांवरून उडणारे देवदूत येतच राहिले. प्रेक्षक मात्र वयस्कर होत गेले. २००६ साली सूत्रे मुलाकडे गेली, दोन-तीन वर्षांत तो बाजूला झाला आणि मुलगी पुढे आली. त्यातच मंदीने देणग्या आटल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा कर्ज ४ कोटी ३० लाख डॉलरच्या पुढे होते. त्यातला मोठा भाग तारणकर्जाचा असला, तरी नाट्यप्रयोगांना जनावरे आणि साहित्य पुरवणारे छोटे व्यावसायिकही थकबाकीच्या यादीत होते, हे विसरून चालणार नाही.

विक्रीत चॅपमन विद्यापीठ आणि ऑरेंजचा रोमन कॅथलिक धर्मप्रांत (म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालील चर्चचा विभाग) असे दोन प्रमुख दावेदार होते. पूजास्थान पूजास्थानच राहावे, म्हणून शुलर यांनी अखेरीस धर्मप्रांताला पसंती दिली, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये न्यायालयाने ५ कोटी ७५ लाख डॉलरच्या त्या विक्रीला मान्यता दिली. नवे कॅथेड्रल बांधण्याचा विचार धर्मप्रांत आधीपासून करीतच होता. त्यानंतर जे घडले, ते वसईच्या आपल्या मित्रांना ‘धर्मग्राम’, म्हणजे एका चर्चशी जोडलेली स्थानिक मंडळी, हा शब्द वापरूनच सांगता येईल: २०१३ साली सेंट कॅलिस्टस धर्मग्रामातील कॅथलिक काचेच्या आवारात मिस्सेसाठी, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेसाठी, येऊ लागले, आणि शुलर यांच्या नातवाच्या नेतृत्वाखालील उरलेली मंडळी त्या कॅथलिकांनी रिकाम्या केलेल्या साध्या चर्चमध्ये गेली.

सुमारे ७ कोटी ७० लाख डॉलरच्या नूतनीकरणात काचांच्या आतून ऊन गाळणाऱ्या हजारो पांढऱ्या पाकळ्या बसवल्या गेल्या आणि १७ जुलै २०१९ रोजी ‘ख्राइस्ट कॅथेड्रल’ म्हणून इमारत पुन्हा अर्पण झाली. आज तेथे इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषांतही मिस्सा होते, कारण ऑरेंज काउंटीची वस्तीच आता तशी आहे. शुलर हे पाहायला नव्हते. एप्रिल २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच आवारात त्यांचे दफन झाले.

एक गंमत राहिली. कॅथेड्रल म्हणजे बिशपांचे आसन असलेले चर्च. शुलर यांच्या पंथात बिशपच नसतात, त्यामुळे या इमारतीला आपले नाव शोभायला मालक बदलावा लागला.