तिसऱ्या मजल्यावरून विरंगुळा केंद्रापर्यंत

लालबाग-परळच्या चाळींत दुपारचे तीन वाजतात, तेव्हा पाणी भरण्याची आणि डब्यांची धावपळ कधीच सरलेली असते, कर्ती माणसे कामावर असतात, आणि घरातल्या वृद्ध माणसापुढे संध्याकाळपर्यंतचे लांबलचक तास उभे असतात. या तासांसाठीच विरंगुळा केंद्र असते. तिथे वर्तमानपत्रे असतात, कॅरम असतो, भजन होते, अधूनमधून रक्तदाब तपासला जातो; आणि या सगळ्याहून मोलाचे म्हणजे, ‘काल का आला नाहीत?’ असे विचारणारे कोणीतरी तिथे असते.

पण ज्याला या प्रश्नाची सर्वांत जास्त गरज आहे, तोच बहुधा केंद्रात पोहोचत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. संपानंतर ज्यांची नोकरी गेली, त्यांपैकी अनेकांनी मिळेल ते काम करून संसार ओढला आणि म्हातारपणी त्यांच्या हाती निवृत्तीवेतन आले नाही. श्रावणबाळ योजनेच्या 1500 रुपयांत महिना काढणाऱ्या माणसाला केंद्राची मासिक वर्गणी, ती कितीही किरकोळ असली तरी, औषधांच्या हिशेबातूनच काढावी लागते.

त्यानंतर जिना येतो. चाळीचा अरुंद, चढा जिना उतरणे एकवेळ जमते, परंतु परत चढताना गुडघे साथ देतील की नाही या धास्तीने माणूस उतरतच नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी एकदा 3000 रुपये मिळतात, आणि ही मदत मोलाची आहे. पण काठी हाती आली म्हणून जिना लहान होत नाही. पुनर्विकासानंतरच्या उंच इमारतीत लिफ्ट आली खरी, मात्र तिथे सामाईक गॅलरी उरली नाही. ज्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले की चार माणसे सहज बोलून जात, तीच इतकी वर्षे या वस्तीचे विरंगुळा केंद्र होती, हे ती गेल्यावर कळले.

स्त्रियांची अडचण आणखी वेगळी आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला असतील, तर नातवाला शाळेतून आणणे, त्याला भरवणे आणि संध्याकाळचा स्वयंपाक ही कामे आजीकडेच येतात. केंद्राची वेळ कोणाच्या सोयीने ठरली आहे, हे म्हणूनच विचारावे लागते. तिथल्या स्वच्छतागृहात कमोड आणि धरायला दांडी नसेल, तर मधुमेह असलेली बाई घरातून निघण्यापूर्वीच बेत रद्द करते, आणि संकोचामुळे त्याचे कारण कोणाला सांगत नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहखर्च, वृद्धाश्रम आणि रुग्णालयांतील सोयी यांची तरतूद आहे. स्वतःच्याच घरात एकट्याने दिवस काढणाऱ्या माणसाच्या दुपारची तरतूद त्यात नाही. ती करायची, तर केंद्राच्या हजेरीवहीबरोबर परिसरातील न येणाऱ्यांचीही यादी ठेवावी लागेल, वर्गणी माफ करावी लागेल आणि सोबतीला माणूस पाठवावा लागेल. ज्यांना उतरणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दुपारी तरी कार्यकर्त्यांनी वर्तमानपत्र, कॅरम आणि रक्तदाबाचे यंत्र घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायला हवे.